गंजलेला ट्रक किंवा टेम्पो: दुरुस्त करायचा की काढायचा? किनारपट्टीवरच्या गाड्यांसाठी संपूर्ण माहिती

मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरावर सकाळी मासळी भरायला लागलेल्या गाड्या नीट बघितल्यात कधी? वरून रंग चकाचक, काचेवर देवाचं नाव, मागे फाळक्यावर चित्र. पण खाली वाकून बघितलं तर चेसिसचे पापुद्रे सुटलेले दिसतात. गाडी पंधरा-सतरा वर्षांची झाली की घरात एक दिवस विषय निघतोच: "गाडी ठेवूची काय इकूची? बघ मोबायलावर!" आणि मोबाईल तुमच्या हातात असतो.

मोबाईलवर शोधलं तर बहुतेक माहिती कोरड्या हवेतल्या गाड्यांची किंवा परदेशातल्या पिकअपची मिळते. म्हणून हा लेख आपल्या किनाऱ्यावरच्या मालवाहू गाड्यांसाठी. छोटा हत्ती असो, ४०७ असो की चिरे वाहणारा सहाचाकी ट्रक, विचार करायची पद्धत तीच आहे.

थोडक्यात उत्तर

- केबिन आणि हौद्याचा पत्रा गंजलाय: दुरुस्त करा.
- ब्रेक पाईप, एअर टाकी, पाट्यांचे शॅकल, क्रॉस मेंबर गंजलेत: ते भाग बदला, पण बदलेपर्यंत गाडी भरू नका.
- चेसिसचे दोन मुख्य लांब भाग सडलेत: बहुतेक वेळा गाडी काढणंच योग्य.
- मधलीच परिस्थिती असेल: दुरुस्तीचं बिल किती, यापेक्षा त्या बिलात गाडी किती महिने मिळणार, हे मोजा.

आता हे सगळं सविस्तर बघूया.

आपल्याकडेच एवढा गंज का चढतो?

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांची रासायनिक क्रिया. हे तिन्ही सगळीकडेच असतात. आपल्याकडे त्यात मीठ येतं आणि सगळा वेग बदलतो.

मीठ दोन कामं करतं. एक, पाण्यातून वीज सहज वाहू देतं. गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ती झपाट्याने होते. दोन, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा थर स्वतःच ओला होतो. म्हणजे पाऊस नसला, गाडी शेडमध्ये उभी असली, तरी चेसिसवर बसलेलं मीठ तिला ओलंच ठेवतं.

त्यात आपल्या गाड्यांचं काम बघा. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी रात्रभर हौद्याच्या फटीतून थेट चेसिसवर गळतं. खाडीतली ओली वाळू वाहणाऱ्या गाडीचीही तीच गत. चिऱ्याच्या गाडीवर लाल मातीचा थर बसतो, तो ओलावा धरून ठेवतो.

इथली हवा किती खारी आहे याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्याच्या काही दिवस आधीच नटबोल्ट गंजत असल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाने पत्राने कळवलं होतं. पुतळा का पडला हा वेगळा विषय. पण नवे नटबोल्ट इथे नऊ महिन्यांच्या आत गंजू शकतात, तर पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीच्या पोटात काय झालं असेल, याचा अंदाज करा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या मध्ये शिरलेला गंज फुगतो आणि त्यांना एकमेकांपासून ढकलतो. चेसिसला आतून जादा पट्टी मारलेली असेल तर ती फुगलेली दिसते, रिबिटं सैल होतात. बाहेरून रंग मारून हे झाकता येतं, थांबवता येत नाही.

किती गंज, यापेक्षा कुठे गंज

गाडी बघताना तिचे तीन भाग करा.

पहिला भाग: कातडी. केबिनचे दरवाजे, पायरी, मडगार्ड, हौद्याचा पत्रा, फाळका. इथला गंज सगळ्यात आधी दिसतो आणि सगळ्यात जास्त घाबरवतो. खरं तर हा सगळ्यात कमी धोक्याचा. पत्रा कापून नवा बसवता येतो, अख्खा हौदा नवा बांधता येतो. अपवाद एकच: केबिन जिथे चेसिसवर बसते ते माउंटिंग आणि सीट बेल्ट जिथे अडकवतात ती जागा.

दुसरा भाग: सांधे आणि नळ्या. ब्रेकचे लोखंडी पाईप, एअर ब्रेक असेल तर हवेची टाकी, डिझेल टाकीचे पट्टे, पाट्यांचे शॅकल आणि यू-बोल्ट, स्टिअरिंगचे जोड. हे भाग बदलता येतात आणि चेसिसच्या मानाने स्वस्त असतात. पण जीव यांच्यावर असतो. गंजलेला ब्रेक पाईप साध्या ब्रेकला टिकतो आणि जोरात ब्रेक दाबला की फुटतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. मालवणहून भरलेली गाडी कोल्हापूरला नेताना फोंडा किंवा करूळ घाट, बेळगावला नेताना आंबोली घाट लागतो. परतीच्या उतारावर ब्रेक गेला तर हिशोब करायला कुणी उरत नाही. म्हणून या भागातल्या गंजाला "पुढच्या पासिंगला बघू" चालत नाही.

तिसरा भाग: कणा. चेसिसचे दोन लांब भाग. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे, केबिनपासून मागपर्यंत जाणारे. सगळा माल, इंजिन, केबिन यांच्यावर उभं असतं. याची वरची आणि खालची आडवी पट्टी वाकण्याचा ताण घेते. ती पट्टी गंजून पातळ झाली की ताकद जाते, आणि गंजाने पडलेल्या खड्ड्यातून तडा सुरू होतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चेसिसला रिबिटने बसवलेत ती, केबिनच्या मागची आणि मागच्या चाकांच्या वरची.

"इंजिन अजून टकाटक आहे" हा घराघरातला मुद्दा इथे उपयोगी नाही. इंजिन बाहेर काढून विकता येतं. कणा गेला तर गाडी गेली.

घरच्या घरी तपासणी: मोबाईल, हातोडी आणि चुंबक

आधी सुरक्षितता. गाडी सपाट जागेवर, रिकामी, चाकांना ओट लावलेली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. सर्व्हिस सेंटरचा रॅम्प किंवा खड्डा मिळाला तर उत्तम.

१. आधी धुवा. गोड्या पाण्याने, प्रेशरने, खालून. मातीच्या थराखाली काहीच दिसत नाही. मग एक दिवस सुकू द्या.

२. टॉर्च तिरपा धरा. समोरून प्रकाश मारला तर सगळं सपाट दिसतं. बाजूने मारला तर खड्डे, फुगवटे आणि बारीक तडे उठून दिसतात. तिथेच फोटो काढा.

३. फोटोत नाणं ठेवा. प्रत्येक गंजलेल्या जागेशेजारी १० रुपयांचं नाणं धरून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. त्याच जागेचा तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. गंज वाढतोय की थांबलाय हे आठवणीवर सोडू नका, अल्बम करा.

४. हातोडीने ठोका. छोट्या हातोडीने चेसिसवर ठोकत पुढे जा. चांगलं लोखंड ठणठण वाजतं. सडलेलं भद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. पापुद्रे काढल्यावर खाली घट्ट लोखंड लागलं तर आशा आहे. जाड स्क्रू-ड्रायव्हर दाबल्यावर आत गेला तर त्या जागी चेसिस संपली.

५. चुंबक फिरवा. रंगाखाली जाड लांबी भरली असेल तर चुंबक तिथे चिकटत नाही. जुनी गाडी विकत घेताना ही युक्ती फार कामाची. चुंबक मोबाईलपासून लांब ठेवा, होकायंत्राचा सेन्सर गडबडतो.

६. आतून बघा. मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा ऑनलाईन मिळतो. लांब वायर, टोकाला छोटा कॅमेरा आणि दिवे. फोनला ओटीजी सपोर्ट आहे का तेवढं आधी तपासा. बंद पोकळ्या आणि टाकीची मागची बाजू याने दिसते.

७. कर्ण मोजा. पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत, मग उलट, चेसिसवरचे सारखेच बिंदू धरून. दोन्ही मापं जुळायला हवीत. फरक आला तर चेसिस तिरकी झालीय. यासाठी साधी मोजपट्टी वापरा. कॅमेऱ्याने मोजणारी अ‍ॅप्स एवढी अचूक नसतात.

शंका उरली तर अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज असणाऱ्याला बोलवा. हे यंत्र एका बाजूने धरून लोखंडाची उरलेली जाडी सांगतं. जहाजांच्या तपासणीत ते नेहमी वापरतात. न गंजलेल्या जागेची आणि गंजलेल्या जागेची जाडी घ्या, तुलना समोर येते.

वेल्डिंग करून भागेल का?

पत्र्याला हो. क्रॉस मेंबर बहुतेक वेळा कापून नवा टाकता येतो. मुख्य चेसिसला पट्टी मारता येते, पण चार अटींवर:

- पट्टीच्या दोन्ही बाजूंना चांगलं, जाड लोखंड उरलेलं हवं. सडलेल्यावर वेल्डिंग धरत नाही. आज धरलं तरी शेजारून फाटतं.
- पट्टीची टोकं सरळ उभी न कापता तिरपी कापावीत. उभ्या सांध्यावर सगळा ताण एका रेषेत येतो आणि तिथूनच तडा जातो.
- वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला मनाला येईल तिथे भोकं पाडू नयेत.
- काम अनुभवी चेसिस मेस्त्रीचं. ग्रील बनवणारा वेल्डर कितीही चांगला असला तरी हे काम वेगळं आहे.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढायला सांगा. नव्या गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर असतो, त्याचे कनेक्टरही काढावे लागतात, नाहीतर पट्टीच्या कामात कॉम्प्युटर जळतो. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावायचा. डिझेल टाकी आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला करायच्या. हवेची टाकी गंजली असेल तर तिला वेल्डिंग नाही, नवीच टाकायची.

एकाच चेसिसला दोन-तीन ठिकाणी पट्ट्या लागत असतील तर थांबा. गंज एवढ्या ठिकाणी बाहेर आलाय म्हणजे बाकीची चेसिसही त्याच वाटेवर आहे.

"नवी चेसिसच टाकू" असं कुणी सुचवलं तर लक्षात घ्या, चेसिस नंबर ही गाडीची कायदेशीर ओळख आहे. चेसिस बदलायची तर आधी आरटीओची परवानगी लागते. जुना नंबर कापून दुसऱ्या चेसिसवर चिकटवणं किंवा नव्याने ठोकणं बेकायदा आहे.

हिशोब: बिल नको, महिन्याचा खर्च काढा

इथे बहुतेक घरं चुकतात. "दुरुस्ती १ लाख ८०, दुसरी गाडी ६ लाख. मग दुरुस्तीच बरी." हा हिशोब अर्धवट आहे. सूत्र असं:

(आज जाणारे पैसे + आज विकली असती तर आलेले पैसे − शेवटी येणारे पैसे) ÷ गाडी चालेल ते महिने

समजा (हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला) जुनी गाडी आज आहे तशी ९०,००० ला जाते. जुनी असल्यामुळे ती वर्षाला १५ दिवस जास्त उभी राहते आणि एका दिवसाला २,००० रुपये बुडतात. म्हणजे महिन्याला २,५००.

- दुरुस्तीनंतर २ वर्षं चालली, शेवटी ८०,००० आले: १,९०,००० ÷ २४ = सुमारे ७,९००. त्यात २,५०० मिळवले की महिना १०,४००.
- तीच दुरुस्ती, पण ४ वर्षं चालली, शेवटी ६०,००० आले: २,१०,००० ÷ ४८ = ४,३७५. अधिक २,५०० म्हणजे महिना ६,८७५.
- दुसरी गाडी ६ लाखांना, व्याज १ लाख २०, पाच वर्षांनी २ लाख ५० ला विकली: ४,७०,००० ÷ ६० = महिना सुमारे ७,८००.

बघा, दुरुस्तीचं बिल दोन्ही वेळी १ लाख ८० हजारच होतं. गाडी दोन वर्षं टिकली तर दुरुस्ती तोट्याची, चार वर्षं टिकली तर फायद्याची. आणि दोन की चार, हे ठरतं चेसिसच्या अवस्थेवर. म्हणून आधी तपासणी, मग हिशोब. उलटं करू नका.

गाडीवर घर चालत असेल तर अजून एक प्रश्न विचारा: ही गाडी ऐन सीझनला बंद पडली तर काय? आंब्याच्या पेट्या एप्रिल-मेमध्ये वाशीला पोचायला हव्यात. मासळी तर एक रात्रही थांबत नाही. महिन्याला हजार रुपये वाचवणारी गाडी मे महिन्यात दहा दिवस गॅरेजात राहिली तर ती वाचवणारी नाही.

पासिंग, १५ वर्षं आणि स्क्रॅप: नियम काय?

"१५ वर्षं झाली की गाडी भंगारात" हा मेसेज तुमच्या ग्रुपवरही आला असेल. तो अर्धवट आहे. दिल्ली परिसरात १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी यावर वेगळे निर्बंध आले. तसंच १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची आणि एसटीसारख्या महामंडळांच्या बसची नोंदणी संपते. तुमच्या एमएच-०७ च्या खासगी मालकीच्या ट्रकला मात्र प्रश्न वयाचा नाही, फिटनेसचा आहे.

- व्यावसायिक गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.
- १५ वर्षांनंतर फिटनेसची फी बरीच वाढते. ती बदलत असते, म्हणून परिवहनच्या साईटवर आजचा दर बघूनच हिशोबात धरा.
- गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं मालकाचं काम आहे.

२०२१ च्या स्क्रॅपिंग नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि केंद्राच्या नियमात व्यावसायिक गाडीला वाहनकरात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. भंगारवाला रोख दोन पैसे जास्त देईल, पण नोंदणी रद्द झाली नाही तर गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते. टॅक्स चढत राहतो आणि तो चेसिस नंबर कुठे वापरला जाईल सांगता येत नाही.

दुसरी गाडी घेताना

किनाऱ्यावरची गंजलेली गाडी काढून किनाऱ्यावरचीच दुसरी जुनी गाडी घेणं म्हणजे तोच गंज पुन्हा विकत घेणं. म्हणून आपल्याकडे "घाटावरची गाडी" शोधतात, कोल्हापूर, सातारा, सोलापूर बाजूची. हे शहाणपणाचं आहे, पण नुसत्या नंबर प्लेटवर जाऊ नका. एमएच-०९ ची गाडीही दहा वर्षं मासळीच वाहत असू शकते. एमपरिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. मग वरची सातही कामं त्या गाडीवर करा.

ठेवायची ठरली तर

- मासळीच्या प्रत्येक फेरीनंतर हौदा आणि चेसिस गोड्या पाण्याने धुवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच.
- हौद्याच्या पाण्याला पाईप लावून ते चेसिसच्या बाहेर सोडा.
- घासून उघडं केलेलं लोखंड आपल्या हवेत काही तासांत लाल होतं. त्याच दिवशी प्रायमर मारा. जस्ताचा किंवा इपॉक्सी प्रायमर साध्या रेड ऑक्साईडपेक्षा जास्त टिकतो.
- अ‍ॅल्युमिनियमचा हौदा थेट लोखंडावर ठेवू नका. खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबर घाला.
- एअर ब्रेकच्या टाकीतलं पाणी रोज सोडा.
- कापाकापीचं मोठं काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत शेडमध्ये करून घ्या. रंगाचं काम पावसाआधी उरकलं तर उत्तम.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रस्ट कन्व्हर्टर लावून गंज जातो का?
पातळ, वरवरच्या गंजावर काम करतो. पापुद्रे सुटलेल्या लोखंडावर वरून लावून उपयोग नाही, आणि गेलेली जाडी कुठल्याच बाटलीतून परत येत नाही.

गंजावरच रबरी अंडरकोटिंग मारलं तर?
नुकसान होईल. ओलावा आणि मीठ आत अडकतं, गंज दिसेनासा होतो आणि वाढत राहतो.

जळकं ऑईल लावतात ते बरोबर का?
ते रबरी बुश आणि होज खराब करतं, पावसात धुऊन विहिरी-ओढ्यांत जातं. त्यापेक्षा मेणाचं कोटिंग बरं.

विमा कंपनी गंजाचे पैसे देते का?
नाही. झीज मोटर विम्यात धरत नाहीत.

लाईट मंद, सेल्फ मारत नाही. गाडी संपली का?
घाई नको. बऱ्याचदा अर्थिंगची वायर जिथे चेसिसला बसते ती जागा गंजलेली असते. ती घासून, घट्ट करून, पेट्रोलियम जेली लावून बघा.

शेवटी एवढंच. ज्या गाडीने शाळेची फी भरली, घर बांधलं, ती काढताना घरात कुणालाही जड जातं. बाबांना "भंगार झालीय" असं तोंडावर सांगू नका. त्यांना सोबत घेऊन गाडीखाली जा, टॉर्च तुम्ही धरा, हातोडी त्यांच्या हातात द्या. ठण की भद्द, ते त्यांनाच ऐकू द्या. मग महिन्याचा हिशोब कागदावर मांडा.